कोण कुठे झोपतं

आमच्या संस्थेच्या अर्जात उत्पन्नाचा रकाना नव्हता. जातीचा नव्हता, मूळ गावाचा नव्हता. वर नाव, त्याखाली घरातल्या माणसांची यादी आणि त्याखाली अर्धं पान कोरं. त्या कोऱ्या जागेच्या डोक्यावर एकच प्रश्न छापला होता: घरात कोण कुठे झोपतं?

पहिल्यांदा तो अर्ज हातात आला तेव्हा मला वाटलं, मधला मजकूर छापायचा राहून गेलाय. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. जास्तीची, शाई फुटलेली, तारीख चुकलेली संप-मोर्चांची पत्रकं ते घरी आणत. माझ्या वह्यांना त्यांची कव्हरं, फडताळात डब्यांखाली तीच अंथरलेली. ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ हे शब्द मी शाळेत जाण्याआधी वाचायला शिकले. त्यामुळे अन्याय म्हणजे काय ते मला फार लवकर कळलं. माणसं कळायला वेळ लागला. विसाव्या वर्षी मी स्वतः पत्रक लिहिलं होतं, ‘घर हा हक्क आहे, बक्षीस नव्हे’, आणि नेरूळ स्टेशनबाहेर उभी राहून वाटलं होतं. ते वाचून एक म्हातारे गृहस्थ थांबले आणि म्हणाले, “लिहिलंय झकास. आता रविवारी काय करतेस?”

हे काका. गोदीतून निवृत्त झालेले. जहाजावर चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालाची मोजणी करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. रुग्णालयातले सफाई कामगार, दोन-तीन निवृत्त नर्सेस आणि काकांसारखे काही लोक यांनी मिळून ही संस्था काढली होती. शहर वसवणाऱ्या महामंडळाकडून सवलतीत एक लहानसा भूखंड मिळाला होता. त्यावर चोवीस खोल्यांची इमारत उभी राहत होती. खोल्या विकायच्या नव्हत्या. खर्च निघेल इतकंच भाडं, नफा शून्य. भाडेकरू आहे तोवर खोली त्याची, त्याच्यामागे त्याच्या कुटुंबाची. सोडून गेला तर खोली परत संस्थेकडे, म्हणजे पुढच्या गरजूकडे.

ही कल्पना त्या वर्षांत कोणाला सांगितली की लोक माझ्याकडे दयेने बघत. नव्या मुंबईत तेव्हा जो तो घराबद्दलच बोलायचा, पण गिऱ्हाईक म्हणून नाहीतर दलाल म्हणून. वाशीला काय भाव, सानपाड्याला काय, खारघरला आत्ताच घेऊन ठेवा. “विकता येत नाही ते घर कसलं?” असं आमच्या शेजारच्या काकूंनी मला सरळ विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर तयार होतं. उत्तरं माझ्याकडे तेव्हा नेहमीच तयार असायची.

अर्ज नव्वदच्या आसपास आले होते आणि खोल्या चोवीस. कोणाला द्यायच्या ते ठरवायला काकांनी हा झोपेचा नकाशा काढला होता.

“अगं कॉम्रेड,” ते मला चिडवायला असं म्हणायचे, “उत्पन्नाचा दाखला कोणीही आणतो. पाहिजे तेवढा कमी आणतो. माणूस काय कमावतो ते लपवेल, कुठे झोपतो ते कसं लपवेल? जहाजाच्या पोटात किती माल मावतो ते कागद सांगत नाही, पोट सांगतं.”

तर आमचं काम असं: अर्जदाराच्या घरी जायचं, चहा घ्यायचा, नाही म्हणायचं नाही, आणि कोऱ्या जागेवर खोलीचा चौकोन काढून त्यात प्रत्येक माणसाची झोपायची जागा दाखवायची. मग समिती त्या नकाशांना गुण देई.

मला या कामाचं वेड लागलं. कोणाच्या घरात शिरून तुम्ही कुठे झोपता असं विचारायला एरवी कोण देतं? तुर्भ्याला एका खोलीत तीन भाऊ होते, कारखान्यात तिघांच्या तीन पाळ्या, म्हणून त्यांची गादी कधी थंडच होत नसे. एक वॉर्डबॉय आणि त्याची बायको पोटमाळ्यावर राहत होते, त्यांना तिथे ताठ बसता येत नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली, घरात कधी एकमेकांसमोर उभे राहिलो नाही, असं ती हसून म्हणाली. एका मुलीची जागा खाटेखाली होती. तिने खाटेच्या खालच्या फळीला आपलं वेळापत्रक चिकटवलं होतं, झोपल्या झोपल्या वाचता यावं म्हणून. मी हे सगळं पेन्सिलीने टिपून घ्यायचे आणि घरी जाऊन माझ्या स्वतःच्या गादीकडे जरा वेगळ्या नजरेने बघायचे.

या कामात दोन नियम माझे होते. मी भांडून करून घेतले होते. पहिला, आठ दिवस आधी पोस्टकार्ड टाकल्याशिवाय कोणाच्या दारात जायचं नाही. गरीब माणसावर धाड घालायची नसते. दुसरा, नकाशा एकदा जमा झाला की त्यात कोणी खाडाखोड करायची नाही, आणि पाहिलं तेवढंच लिहायचं. ‘बिचारी फार चांगली बाई आहे’ असली शिफारस चालणार नाही. वशिला असाच आत येतो, असं मी समितीपुढे टेबलावर हात आपटून सांगितलं होतं. अध्यक्षबाई रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हात दुखेल. लिही दोन्ही नियम.”

तर अशा पोस्टकार्डानंतर एका रविवारी मी बोनकोड्याला गेले. कोपरखैरण्याचे सेक्टर फूटपट्टीने आखलेले, आणि त्यांच्या मधोमध हे जुनं गाव, जिथे गल्ली घरांना विचारून वळते. अर्जदार मासळी विकणारी विधवा बाई होती, चाळिशीची, खणखणीत आवाजाची. वाशीच्या बाजारात बसायची. घर म्हणजे थोरल्या दिराच्या घराला लागून असलेली मागची एक खोली.

मी आत गेले आणि खोली बघतच राहिले. नव्वद घरांत इतकी नीट खोली मी पाहिली नव्हती. फरशी धुऊन पुसलेली. खाटेवर घडी न मोडलेली चादर. फळीवर स्टीलची भांडी उंचीप्रमाणे लावलेली. दोन खुर्च्या. उदबत्ती. ती स्वतः ठेवणीतलं लुगडं नेसून उभी, शेजारी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी केसांना तेल लावून, आणि कोपऱ्यात सासू, तिच्या अंगावरही धुवट पातळ. बशीत पोहे आले. वर खोबरं, कोथिंबीर.

“घरात कोण कोण आहे, मावशी?”

“मी, पोरगी नी म्हातारी.”

“आणि झोपता कशा?”

“मी नी पोरगी खाटंवर. म्हातारी खाली. आयसपयस हाय,” ती म्हणाली. मुलीने एकदा आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ते मी पाहिलं होतं. पण मुलीने खाली घातलेली मान नकाशात कुठे दाखवायची असते? मी चौकोन काढला, खाट काढली, दोन रेघा वर, एक खाली. पोहे चांगले झालेत म्हणाले आणि निघाले.

खोलीत तीन माणसं, खाट, मोकळी जागा. समितीने गुण दिले तेव्हा तिचा अर्ज यादीत सत्तराव्या क्रमांकाच्याही खाली गेला. यादी संस्थेच्या दारावर लागली.

दोन दिवसांनी ती आली. बाजारातून थेट, रिकामी पाटी काखोटीला. मुलगी बरोबर होती, तिने यादी दोनदा वरून खाली वाचली होती. काका आणि मी कार्यालयात होतो. ती दारातच उभी राहिली.

“बाय, माजा काय चुकला?” तिने मला विचारलं. “पोहे खारट झालते कं?”

मी म्हणाले, पोह्यांचा काही संबंध नाही, ज्यांची फार अडचण आहे त्यांना आधी घर मिळतं. तुमच्याकडे तिघीच आहात आणि खोली मोकळी आहे.

“तिघी?” ती हसली, पण ते हसू पुढे गेलं नाही. “अकरा मानसा झोपतान त्या खोलीन. दिराची चार पोरा, धाकला दीर, त्याची बायको, त्यांची दोन. नी आमी तिघी.”

“मग ती सगळी त्या दिवशी कुठे होती?”

“देवलान बसवलती सगल्यांना. तू जाशी तवर येऊ नका बोलली.”

“आणि खाट?”

“शेजारनीची. खुर्च्या पन.”

काकांनी हातातला चहा खाली ठेवला. “पण का, मावशी?”

तिला हा प्रश्नच कळेना. आमच्या दोघांकडे आलटून पालटून बघत राहिली. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागली. तुमचा कागद आला, घर पाहायला येणार. पाहायला येणार म्हटल्यावर घर दाखवायचं की उकिरडा? मुलगी पाहायला येतात तेव्हा कोण फाटकं नेसून बसतं? आणि दुसरं. दोन वर्षांपूर्वी तिने कोपरखैरण्यात भाड्याने खोली बघितली होती. मासळीवाली म्हटल्यावर सोसायटीवाल्यांनी दारातूनच परत पाठवलं. वास येतो म्हणाले. म्हणून आमच्या भेटीच्या आदल्या दिवशी तिने पाट्या, कोयता, सगळं शेजारी नेऊन टाकलं आणि फरशी लिंबाने घासली. चार वेळा.

“वास आलता कं?” तिने मला विचारलं.

“नाही.”

“मग?”

सोसायटीवाल्यांचा राग माझ्या डोक्यात चढत होता, पण त्यांच्यावर चिडून यादीत तिचं नाव वर सरकणार नव्हतं. ते खाली गेलं होतं ते त्यांच्यामुळे नाही, माझ्या पेन्सिलीमुळे, आणि ती पेन्सिल मी अगदी इमानदारीने चालवली होती. आठ दिवस आधी कळवा, हा नियम मी तिच्या मानासाठी केला होता. त्या आठ दिवसांत तिने तो मान घासून पुसून माझ्यासमोर ठेवला, आणि मी त्याचे गुण कापले.

ती गेल्यावर काका म्हणाले, “झोप लपवता येत नाही म्हणत होतो ना मी? तीस वर्षं माल मोजला. मालाला लाज नसते, हे ध्यानात नाही आलं.”

“नकाशा बदलायला पाहिजे,” मी म्हणाले.

“बदलता येत नाही. नियम आहे.”

“माहीत आहे कोणी केलाय ते.”

“मी नाव घेतलं का?”

पुढच्या सभेत मी माझ्याच नियमाविरुद्ध उभी राहिले. या वेळी टेबलावर हात आपटला नाही. अध्यक्षबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि अवघड तेच विचारलं. तेव्हा तीन सांगितली, आता अकरा सांगते. आता खरं कशावरून? आणि एकीसाठी यादी उघडली तर बाकीच्यांनी काय पाप केलंय? मला राग आला, कारण प्रश्न बरोबर होते. खरं सांगायचं तर पहिला प्रश्न मलाही पडला होता. जिने एकदा इतक्या सफाईने खोली सजवली ती बाई उलट्या बाजूनेही सजवू शकेल. तिने खोटं बोलावं असं मला वाटत नव्हतं. पण तिला घर मिळावं असं मला वाटत होतं, आणि माणसाला जे खरं असावंसं वाटतं त्यावर भरवसा ठेवू नये, एवढं मला आता कळू लागलं होतं.

“तिलाच बोलवा,” शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या. “आपण नको काढूया नकाशा. तिला काढू दे.”

इमारतीचं काम संपत आलं होतं. तळमजल्यावरची एक खोली बोनकोड्याच्या त्या खोलीएवढी निघाली, हातभर इकडे तिकडे. रविवारी सकाळी समिती तिथे जमली. ती आली, तिच्याबरोबर मुलगी. रंगाऱ्याने चुन्याची पिशवी सोडली होती, त्यातला मूठभर चुना तिने घेतला आणि रांगोळी घालावी तसं फरशीवर बोटांतून सोडू लागली. आधी दार. मग मोरी. मग पाण्याचं पिंप. मग माणसं.

“काका, तुमी हय या,” ती म्हणाली. “तुमी धाकला दीर. आडवा व्हा.”

काका समितीकडे बघत आडवे झाले. धोतराची काळजी घेत.

“पाय लांब करा.”

“भिंत आहे.”

“मग दारान काडा. तो पन दारानच काडतो. पावसात गोनपाट टाकतो पायांवर.”

काकांचे पाय दाराबाहेर गेले. कोणीतरी हसलं, काकाही हसले, पण उठले नाहीत. तिने माझा दंड धरून मला पिंपाशेजारी बसवलं. झोपवलं नाही, बसवलं. पाठ पिंपाच्या रेघेला, गुडघे पोटाशी. मुलीची जागा माझ्या समोर, तिचे पाय माझ्या पायांत अडकवून. “ही मी,” ती माझ्याबद्दल म्हणाली. सकाळचे दहा वाजले होते, खोलीत हवा होती, रंगाचा वास होता, आणि तरी दोन मिनिटांत माझी मान अवघडली. मला प्रश्न पडला की अशी बसून ती स्वप्नं कसली बघत असेल. विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

अध्यक्षबाई एकट्या उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “म्हातारीला मधेच मोरीत जायचं झालं तर?”

“तर पयली मी उठतंय,” ती लगेच म्हणाली. “मी उठल्याबिगर तिला पाय टाकाला जागा नाय. मंग धाकल्याचा बारका उचलायचा, तो मोरीच्या तोंडाशी हाय. त्याला माज्या जाग्यावर ठेवायचा. म्हातारी आली का परत. तो रडला नाय पायजे, नाय तर दिराची पहाटची डूटी. बारक्याला मी साकर लावलेली चिंधी ठेवतंय, हय, पिंपावर.”

आणि तिने चुन्याने पिंपावर एक ठिपका काढला.

बाईंनी आयुष्यभर वॉर्डात माणसं उठवली-झोपवली होती. त्या पिंपावरच्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. “हे रचून सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या, आम्हाला नाही, स्वतःशीच. मग काकांना म्हणाल्या, “उठा आता. सर्दी होईल.”

पण एकीसाठी यादी उघडायची नाही यावर त्या ठाम होत्या. उघडायची तर सगळ्यांसाठी. तसं ठरलं. चार रविवार नव्वद घरांतली माणसं त्या खोलीत येत राहिली आणि चुन्याने आपापली घरं काढत राहिली. कितीतरी नकाशे बदलले. माझ्या लक्षात आलं की पोहे खाऊन मी फसले ते एकट्या बोनकोड्यात नाही. निम्म्या लोकांनी आम्हाला बरी खोली दाखवली होती. उसनी चटई, शेजाऱ्याचा पंखा, गावी पाठवलेली आजी. मी पत्रकात ज्यांना ‘पिचलेली जनता’ लिहिलं होतं, ती जनता आम्ही येणार म्हणून भिंती पुसत होती.

नव्या यादीत मासळीवाली मावशी बाविसावी होती. म्हणजे वरच्या चोविसातून कोणीतरी खाली गेलं. तिच्यासारखे आणखीही वर आले होते, त्यामुळे बरेच खाली गेले. पोटमाळ्यावरचं जोडपं सव्विसावं झालं. ते पत्र मी टपालाने टाकलं नाही, घेऊन गेले. तो वॉर्डबॉय वाकून पोटमाळ्यावरून शिडीने खाली आला, पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं.

“आमचं काही चुकलं का?”

“नाही. खोल्या चोवीसच आहेत.”

“पुढची बिल्डिंग कधी?”

पुढचा भूखंड आमच्याकडे नव्हता. आजही नाही. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, “बरं. चहा घेऊन जा.” मी चहा घेतला. तो मला कडू लागला, आणि त्याचा राग कोणावर काढायचा ते माझ्या एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं. शहरभर रिकामे फ्लॅट कुलुपं लावून भाव चढायची वाट बघत उभे होते, आणि आम्ही पंचविसावा कोण, सव्विसावा कोण ते चुन्याने ठरवत होतो. समितीतल्या चांगल्या माणसांनी चांगुलपणाने ठरवलं म्हणून ते मला अजून बरं वाटत नाही.

गणपतीच्या आधी खोल्यांचा ताबा दिला. करारावर सह्या, अंगठे झाले. मावशीने करार मुलीकडून पूर्ण वाचून घेतला, विकता येणार नाही या कलमावर थांबली.

“विकाचा नाय. मंग कोनी काडू पन शकनार नाय ना?”

“भाडं भरत राहिलात तर नाही.”

“जमिनीचा बी असाच कागद पायजे होता,” ती म्हणाली आणि सही केली. तिच्या सासरच्यांची शेती शहराखाली गेलेली होती. याहून जास्त ती त्याबद्दल कधी बोलली नाही.

चार-पाच महिन्यांनी मी वही घेऊन इमारतीत गेले. संस्थेने वर्षातून एकदा प्रत्येक खोलीची पाहणी करावी, असं कलम करारात होतं. तेही मीच घातलेलं, पोटभाडेकरू शिरू नयेत म्हणून. या वेळी पोस्टकार्ड टाकलं नव्हतं, आता घरचेच झालो असं मनात होतं. मावशीचं दार अर्धं उघडं होतं. ती उंबऱ्याच्या आत कोलंबी सोलत बसली होती. मला तिच्या खोलीबद्दल विलक्षण उत्सुकता होती. खाट घेतली असेल का, म्हातारी कुठे असेल, मुलगी अभ्यासाला कुठे बसत असेल. मी चप्पल काढली.

“कं ग बाय?”

“पाहणी आहे मावशी. दोन मिनिटं आत येते.”

तिने सोललेली कोलंबी वाडग्यात टाकली, हात पाण्याच्या टोपात बुडवले. उठली नाही, सरकलीही नाही.

“आज नको.”

“का? कोणी आहे का?”

“कोन नाय. पसारा हाय.”

“मला चालेल.”

“मना नाय चालत,” ती म्हणाली. रागावून नाही, भाव ठरलेला असावा तसं. “तवा घर द्याचा तुमच्या हातान होता, तुमी पायलात. आता हा माजा हाय. बोलवीन तवा ये. पोहे करीन.”

आतून रेडिओचा आवाज येत होता आणि कोणीतरी हसत होतं. कोण, ते दिसत नव्हतं. मी जिन्यापाशी उभी राहून वही उघडली. पाहणीच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली. पाहिलं तेवढंच लिहायचं, म्हणून लिहिलं: ‘दार अर्धं उघडं. आत बोलावलं नाही.’ मग पायात चप्पल घातली, शेजारच्या दाराकडे न जाता थेट कार्यालयात गेले, आणि पुढच्या सभेसाठी ते कलम काढून टाकण्याचा ठराव लिहायला बसले.